घरच्या फ्रीजमध्ये बीफचं ड्राय एजिंग: कुठे फसतं आणि कसं टाळायचं

ड्राय एजिंग म्हणजे मांसाचा मोठा तुकडा काही आठवडे थंड, कोरड्या, फिरत्या हवेत उघडा ठेवून मुरवणं. घरचं ड्राय एजिंग बिघडतं तेव्हा ते बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच बिघडलेलं असतं. कळतं मात्र तिसऱ्या आठवड्यात, फ्रीजचं दार उघडल्यावर नाकाला. मग दोष दिवसांना दिला जातो: जास्त ठेवलं, कमी ठेवलं. खरं तर दिवसांचा हिशोब हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे तो मांसाचा पृष्ठभाग वेळेत कोरडा करणं.

यामागचं शास्त्र कामापुरतं एवढंच. मांसातले नैसर्गिक एन्झाइम्स स्नायूंचे तंतू हळूहळू सैल करतात, त्यामुळे मांस मऊ पडतं. त्याच वेळी पाणी उडून जातं आणि चव दाट होते. अखंड, न टोचलेल्या तुकड्याचा आतला भाग जवळपास जंतुरहित असतो. जंतू असतात ते बाहेरच्या अंगावर, आणि त्यांना वाढायला पाणी लागतं. थंडी त्यांचा वेग कमी करते, कोरडेपणा त्यांना अडवतो. नुसत्या थंडीवर विसंबू नका, कारण लिस्टेरियासारखा जंतू फ्रीजच्या तापमानालाही वाढतो. पुढची प्रत्येक पायरी या एका कारणासाठी आहे.

आधी हिशोब मांडा

सहा किलोचा हाडासकट तुकडा घेतला, तर चार आठवड्यांत त्याचं साधारण 15 टक्के वजन पाणी म्हणून उडून जातं. उरतात पाच किलोंच्या आसपास. त्यातून वरची कडक साल, पिवळी पडलेली चरबी आणि हाडं गेली की ताटात येण्याजोगं मांस तीन ते साडेतीन किलो उरतं. म्हणजे विकत घेतलेल्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. ही घट चुकवण्याचा प्रत्येक प्रयत्न, मग तो लहान तुकडा घेणं असो, चरबी आधीच काढणं असो किंवा साल पातळ कापणं, शेवटी मांसाच्याच मुळावर येतो. घट परवडत नसेल तर हा उद्योग करू नये.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: हे कोण खाणार? गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं यांच्यासाठी घरी एज केलेलं मांस अर्धकच्चं वाढायचं नाही. त्यांच्या ताटात ते पूर्ण शिजलेलंच जायला हवं. पूर्ण शिजवायचंच असेल तर एवढ्या खटपटीचा फारसा उपयोग नाही, हेही खरं.

पायरी 1: फ्रीज तयार करा, मांस आणण्याच्या आठवडाभर आधी

फ्रीज वेगळा हवा. घरातल्या रोजच्या फ्रीजमध्ये दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं, दर वेळी गरम आणि दमट हवा आत येते. शेजारी ठेवलेल्या कांद्याचा, उरलेल्या भाजीचा वास चरबी शोषून घेते. आणि कच्च्या मांसावरचे जंतू शेजारच्या तयार अन्नावर जाण्याची भीती असते ती वेगळीच. ज्यांच्याकडे दुसरा फ्रीज नाही त्यांच्यासाठी झिरपणाऱ्या पिशव्यांचा पर्याय आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

बर्फ न साचणारा, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर उत्तम. त्यात हवा फिरते आणि ओलावा बाहेर काढला जातो. मागच्या पत्र्यावर बर्फ धरणाऱ्या छोट्या फ्रीजमध्ये काम होतं, पण पत्र्याजवळची जागा गोठणबिंदूच्या खाली आणि दाराजवळची पाच-सहा अंशांवर, असा प्रकार नेहमी दिसतो. अशा फ्रीजमध्ये तुकडा बरोबर मध्यभागी ठेवावा लागतो.

लागणारं सामान:

- दोन डिजिटल थर्मामीटर, शक्य असल्यास कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारे
- एक आर्द्रतामापक
- 12 व्होल्टचा छोटा पंखा, संगणकात असतो तसा
- पाय असलेली स्टीलची जाळी आणि खाली ठेवायला ट्रे
- दहा किलोपर्यंत वजन घेणारा काटा
- वही

फ्रीज रिकामा करून साबणाच्या पाण्याने धुवा. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून आतून पुसा. जाळी, ट्रे, दाराच्या रबराच्या खाचा, पाणी निथळण्याचं भोक, काही सोडू नका. रबराच्या खाचेत बुरशी हमखास असते आणि तिथेच कुणी हात घालत नाही. नंतर दार उघडं ठेवून पूर्ण सुकू द्या, ब्लीचचा वास जाईपर्यंत.

आता पंखा बसवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा स्वतःचा पंखा कॉम्प्रेसर थांबला की सहसा थांबतो, म्हणून चोवीस तास चालणारा वेगळा पंखा लागतो. त्याचा झोत मांसाच्या एकाच जागी जवळून आदळता कामा नये, हवा तुकड्याच्या सगळ्या बाजूंनी फिरली पाहिजे. वायर दाराच्या फटीतून बाहेर काढायची तर चपटी घ्या. मग रबर नीट बसतंय का पाहा: वायरच्या शेजारी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. पट्टी सहज सुटली तर तिथून हवा जाते आहे.

रिकाम्या फ्रीजची चाचणी तीन-चार दिवस करा. बहुतेक जण हे टाळतात, कारण फ्रीज थंड आहे हे हाताला कळतं. पण हाताला दोन अंश आणि सहा अंश सारखेच लागतात, आणि या कामात तेवढ्या फरकावर सगळं ठरतं. फ्रीजच्या बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. एक थर्मामीटर मांस जिथे बसणार तिथल्या हवेत ठेवा आणि दुसऱ्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पाण्याच्या ग्लासात बुडवून तो ग्लास तिथेच ठेवा. हवेचा आकडा कॉम्प्रेसरबरोबर वरखाली होत राहील, पाण्याचा आकडा मांसाला खरंच काय सोसावं लागेल ते सांगेल.

तपासणी: पाण्याचा आकडा 1 ते 3 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिला पाहिजे. 4 च्या वर जात असेल तर हा फ्रीज चालणार नाही. उणे दीडच्या आसपास मांस गोठू लागतं आणि एजिंगचं काम जवळजवळ थांबतं, म्हणून फार खाली नेण्याचाही उपयोग नाही.

आर्द्रता 75 ते 85 टक्के असावी. त्याहून जास्त असेल तर पृष्ठभाग सुकत नाही. खूप कमी असेल तर बाहेरची साल फार जाड होते आणि मांस वाया जातं, पण ते धोक्याचं नाही. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर कोरड्या बाजूला राहा. स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, ते झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात बंद करून खोलीत रात्रभर ठेवा. आकडा 75 यायला हवा. 81 आला तर तुमचा मापक सहा जास्त दाखवतो, तेवढे पुढे वजा करत राहा.

सैंधव मिठाच्या विटा रचलेले फ्रीज फोटोत छान दिसतात. मीठ जास्तीचा ओलावा थोडाफार खेचतं, चवीत मात्र त्याचा काही वाटा नसतो. पंख्याची जागा ते घेऊ शकत नाही.

पायरी 2: योग्य तुकडा निवडा

घरी सगळ्यात जास्त फसतो तो सुटा स्टेक. तीन सेंटीमीटर जाडीच्या स्टेकला दोन्हीकडून साल धरते, ती काढली की आत काही उरत नाही. जे उरतं ते वाळवलेलं मांस असतं, एज झालेलं नव्हे. त्यामुळे तुकडा मोठा हवा, हाडासकट हवा आणि एका बाजूला चरबीचा जाड थर असलेला हवा. हाड आणि चरबी या दोन बाजू आपोआप झाकलेल्या असतात आणि घट फक्त उघड्या टोकांवर होते.

बरगडीचा, म्हणजे रिबचा अखंड भाग सर्वांत चांगला. किमान तीन बरगड्यांचा, जमल्यास पाच ते सात किलोंचा. त्याच्या मागचा पाठीचा भाग, हाडासकट स्ट्रिप लॉइन, हाही चालतो. चरबीचा थर निदान एक सेंटीमीटर असावा आणि मांसात पांढऱ्या चरबीच्या रेषा दिसायला हव्यात. खाटकाला स्पष्ट सांगा की हाडं सोलायची नाहीत, चरबी छाटायची नाही. सवयीने तो दोन्ही करून देईल.

काय घेऊ नये:

- अंडरकट: हाड नाही, चरबी नाही, आणि तो मुळातच मऊ असतो.
- गोठवून वितळवलेलं मांस: त्यातून पाणी पाझरत राहतं, पृष्ठभाग सुकत नाही.
- सुयांनी टोचून मऊ केलेलं किंवा मसालापाणी भरलेलं मांस: टोचताना बाहेरचे जंतू आत गेलेले असतात.
- खिमा किंवा बांधून जोडलेले तुकडे, याच कारणासाठी. कधीच नाही.
- कोंबडी, मासे, डुक्कर: या लेखातली पद्धत त्यांच्यासाठी नाही.

जनावर कधी कापलं, मांस कसं ठेवलं होतं, व्हॅक्यूम पाकिटात किती दिवस होतं, हे विचारा. पाकिटातल्या दिवसांत मांस मऊ होतं, पण कोरड्या एजिंगची चव येत नाही, आणि जंतूंची संख्या मात्र वाढत जाते. महिनाभर पाकिटात पडलेलं मांस आणून त्यावर आणखी महिना घालू नका. घरी आणताना बर्फाच्या पेटीतून आणा.

पायरी 3: पाकीट उघडणं आणि पुसणं

हात धुवा, ओटा आणि पाट साबणाने धुऊन पुसा. पाकीट सिंकमध्ये फोडा, आतलं लालसर पाणी ओतून द्या. पाकीट उघडताच थोडा आंबूस वास येतो, तो कोंडलेल्या हवेचा असतो. पंधरा-वीस मिनिटांत तो गेला पाहिजे. त्यानंतरही वास राहिला किंवा हाताला बुळबुळीत लागलं, तर तुकडा परत करा. एजिंगने खराब मांस सुधारत नाही.

मांस धुवू नका. पाण्याने जंतू जात नाहीत, फक्त ओट्यावर उडतात, आणि जो पृष्ठभाग सुकवायचा तोच आपण ओला करून ठेवतो. कागदी रुमालांनी सगळीकडून टिपून घ्या. हाडांच्या मधल्या खाचा, चरबीखालच्या घड्या, कापलेली टोकं. रुमाल कोरडा निघेपर्यंत टिपत राहा. लोंबणारे पातळ तुकडे आणि खोल चिरा असतील तर तेवढ्याच सपाट करा, कारण तिथे ओल धरून राहते. बाकी चरबीला हात लावू नका.

मीठ, मसाला, व्हिनेगर, तेल, काही लावायचं नाही. मीठ पाणी ओढून पृष्ठभागावर आणतं, आणि आपल्याला नेमकं उलट हवं आहे.

आणि मांसात थर्मामीटर खुपसू नका. आतलं तापमान बघण्याची उत्सुकता समजण्यासारखी आहे, पण तेवढ्या एका भोकातून बाहेरचे जंतू अशा जागी जातात जिथे सुकण्याचा काही उपयोग होत नाही. पाण्याचा ग्लास त्यासाठीच ठेवला आहे.

वजन करा. तारीख, वजन, तापमान, आर्द्रता वहीत लिहा.

पायरी 4: जाळीवर मांडणी

हाडांची बाजू खाली, चरबी वर. हाडांमुळे मांस जाळीपासून उचललेलं राहतं आणि खालून हवा मिळते. तुकडा फ्रीजच्या भिंतींपासून चारही बाजूंनी निदान पाच सेंटीमीटर लांब असावा. भिंतीला टेकलेला भाग ओला राहतो आणि तिथेच चिकटपणा सुरू होतो. ट्रे जाळीच्या बराच खाली ठेवा, नाहीतर खालची हवा अडते.

तुकडा सुती कापडात किंवा कागदी रुमालात गुंडाळून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिसतो. पटण्यासारखा वाटतो, कारण कापड ओल शोषून घेतं. पण शोषलेली ओल ते मांसालाच चिकटवून धरतं, आणि तंतू सालीत रुतून बसतात ते वेगळंच. उघडी जाळी आणि फिरती हवा यापेक्षा चांगलं आवरण नाही.

फ्रीज वेगळा नसेल तर: झिरपणाऱ्या पडद्याच्या खास पिशव्या मिळतात, त्यांतून वाफ बाहेर जाते पण बाहेरचा वास आणि जंतू आत येत नाहीत. यात वरची एक सूचना उलटी होते: मांस टिपून कोरडं करायचं नाही, कारण पडदा मांसाला चिकटण्यासाठी थोडी ओल लागते. हवेचे बुडबुडे जमतील तितके काढा आणि पिशवी जाळीवरच ठेवा. तापमानाचा नियम तोच, 4 अंशांच्या आत. चव उघड्या एजिंगपेक्षा सौम्य येते. साधी प्लॅस्टिकची पिशवी किंवा क्लिंग फिल्म हा त्याला पर्याय नाही, त्यात मांस ओलंच राहतं.

पायरी 5: पहिले 72 तास

दार उघडू नका. तापमानाचा आकडा बाहेरून दिसेल अशी सोय आधीच करून ठेवा, म्हणजे मोहच होणार नाही. मोठा तुकडा आत गेल्यावर पहिल्या काही तासांत तापमान वर चढतं, आर्द्रता 90 च्याही वर जाऊ शकते. घाबरून फ्रीजचं बटण शेवटाला नेऊ नका. आकडे दिवसभरात खाली यायला हवेत. आर्द्रता दुसऱ्या दिवशीही 88-90 वर अडकली असेल तर पंखा एक दर्जा वाढवा किंवा दुसरा लावा.

72 तासांनी एकदाच दार उघडा आणि धुतलेल्या, कोरड्या बोटाने तीन ठिकाणी स्पर्श करा: वरची चरबी, कापलेलं टोक आणि खालची, जाळीवर टेकलेली बाजू. खालची बाजू महत्त्वाची, कारण ती सगळ्यात शेवटी सुकते.

तपासणी:

- बोटाला कोरडं, किंचित ताणलेल्या चामड्यासारखं लागलं: उत्तम, पुढे जा.
- ओलसर पण चिकट नाही: पंखा वाढवा, तुकडा उलटा करा, 24 तासांनी पुन्हा पाहा.
- चिकट, बोट उचलताना तार येते: थांबा. हे मांस पुढे नेऊ नका.

तिसऱ्या प्रकारात लोक तुकडा पुसून पुन्हा ठेवतात. पुसल्याने तार जाते, ती तयार करणारे जंतू जात नाहीत. चौथ्या दिवशी मांस टाकून देणं जिवावर येतं, कबूल. पण अजून ना चव आली आहे, ना महिना गेला आहे. यापेक्षा स्वस्तात ही चूक नंतर कधीच सुटत नाही.

रंग गडद होऊन तांबूस-तपकिरी पडणं मात्र अगदी स्वाभाविक आहे. पृष्ठभाग सुकला की लाल रंग जातोच.

पायरी 6: चौथा दिवस ते चौथा आठवडा

इथून पुढे काम फार थोडं आहे. आठवड्यातून एकदा दार उघडा, वजन करा, तुकडा उलटा करा म्हणजे जाळीचे वळ एकाच जागी राहत नाहीत, वास घ्या, दार लावा. पाच मिनिटांत सगळं. वजनातली घट पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि साल धरत गेली की मंदावते. तिसऱ्या आठवड्यातही पहिल्याइतकीच घट दिसत असेल तर हवा फार कोरडी आहे, पंखा कमी करा.

मध्येच दुसरा तुकडा आत ठेवू नका. नव्या मांसाचं पाणी हवेत येतं आणि दोन आठवडे सुकवलेली साल पुन्हा ओलावते. दोन तुकडे करायचेच असतील तर दोन्ही एकाच दिवशी ठेवा, मध्ये हवा जाईल इतकं अंतर ठेवून.

वासाची ओळख या काळात होते. सुरुवातीला जवळपास काही वास नसतो. दोन आठवड्यांनंतर भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा, लोण्यासारखा वास येऊ लागतो, आणि चौथ्या आठवड्याकडे त्यात जुन्या चीजची छटा मिसळते. सडक्या अंड्याचा, अमोनियाचा किंवा आंबट घामट वास आला तर तो एजिंगचा वास नाही.

बुरशीबद्दल गोंधळ फार आहे. पातळ, पांढरी, पावडरीसारखी बुरशी कोरड्या सालीवर येऊ शकते. व्यावसायिक एजिंगच्या खोल्यांतही ती असते, आणि सालीबरोबर ती निघून जाते. काळी, गुलाबी किंवा लाल, लांब केसाळ, किंवा ओलसर जागी वाढलेली बुरशी दिसली तर तुकडा टाका. हिरव्या-निळ्या बुरशीचे ठिपके कापून पुढे जाणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. घरी बसून डोळ्यांनी बुरशीची जात ओळखता येत नाही, आणि त्या ठिपक्यांचा अर्थ बहुतेक वेळा हवा कमी पडते आहे असाच असतो.

वीज गेली तर: दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. वीज आल्यावर कमाल तापमानाची नोंद पाहा. 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त वेळ गेला असेल तर मांस टाका, साल कितीही चांगली धरलेली असली तरी. कमाल-किमान नोंद ठेवणारा थर्मामीटर घ्यायला सांगितलं ते याचसाठी. तुम्ही बाहेरगावी असताना काय झालं ते दुसरं कोण सांगणार?

पायरी 7: किती दिवस?

14 दिवसांत मांस मऊ होतं, चवीत फरक जेमतेम असतो. 21 ते 28 दिवसांत चव स्पष्ट बदलते. 30 ते 45 मध्ये चीजसारखी उग्र छटा येते, ती प्रत्येकाला आवडत नाही. त्यापुढे मऊपणा फारसा वाढत नाही, वाढते ती फक्त उग्रता आणि घट.

पहिल्या वेळी 28 वर थांबा. 45 दिवसांचं मांस खाऊन पाहिलेलं नसताना एकदम तिथवर जाण्यात काही शहाणपण नाही. आणि 28 दिवस व्हायचे आहेत म्हणून वास बिघडलेला तुकडा आणखी आठवडाभर ठेवणं हा त्याहून मोठा वेडेपणा.

पायरी 8: साल काढणं

तुकडा फ्रीजमधून काढून लगेच कापायला घ्या, थंड असताना चरबी घट्ट असते आणि सुरी नीट चालते. दोन पाट आणि दोन सुऱ्या हव्यात, किंवा मध्ये थांबून गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवायची तयारी हवी. एक जोडी सालीसाठी, दुसरी आतल्या मांसासाठी. सालीवरून चाललेली सुरी तशीच आत घातली तर महिनाभर बाहेर रोखलेलं सगळं आपणच आत नेतो.

क्रम असा:

1. आधी दोन्ही कापलेली टोकं. गडद, कडक थर संपून लवचीक लाल मांस लागेपर्यंत पातळ काप काढत जा. पाच मिलिमीटर ते एक सेंटीमीटर जाईल.
2. मग हाडं. बरगड्यांच्या आतल्या बाजूने सुरी हाडाला लावून चालवा आणि सबंध पट्टी वेगळी करा. हाडासकट स्टेक हवे असतील तर हाडाचा उघडा पृष्ठभाग खरवडून त्यावरचं वाळकं मांस काढा. करवतीने कापायची वेळ येणार असेल तर हे काम खाटकाकडे द्या.
3. शेवटी चरबी. बाहेरचा पिवळा, कडक थर उतरवा, आतली पांढरी चरबी ठेवा. एक चिमूट चरबी तव्यावर वितळवून वास घ्या. लोण्यासारखा आला तर ठीक, खवट तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा आला तर आणखी खोल कापा. पूर्ण एजिंग जमूनही शेवटी चव बिघडते ती या खवट चरबीनेच.

पाट बदला, हात धुवा. आत दिसणारं मांस गडद लाल, ओलसर आणि लवचीक असायला हवं. आत करडा-हिरवा पट्टा किंवा हाडालगत घाण वास आला तर पुढे जाऊ नका.

काढलेल्या सालीचा खिमा करून बर्गरमध्ये घालतात असं तुम्ही वाचलं असेल. घरी नको. ज्यावर सगळे जंतू आणि बुरशी होती तोच हा भाग आहे.

पायरी 9: कापणं, ठेवणं, शिजवणं

स्टेक साडेतीन ते चार सेंटीमीटर जाड कापा. दोन-तीन दिवसांत लागणारे गुंडाळून फ्रीजमध्ये, बाकीचे एकेक करून व्हॅक्यूम पाकिटात घालून गोठवा. पाकिटावर तारीख आणि एजिंगचे दिवस लिहा. एज झाल्यावर गोठवायला हरकत नाही, आधी गोठवलेलं एज करायला हरकत आहे.

शिजवताना नेहमीच्या वेळेवर जाऊ नका. पाणी कमी असल्याने हे मांस लवकर तांबूस होतं आणि आतही लवकर गरम होतं. आता मात्र थर्मामीटर खुपसायला मोकळे आहात. 52 ते 55 अंशांवर आत लालसर-गुलाबी राहतं. अखंड मांसासाठी अन्नसुरक्षेचा अमेरिकी नियम 63 अंश आणि तीन मिनिटं विसावा असा आहे, त्याखाली खायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. वर सांगितलेल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी 71 पर्यंत न्या. आतल्या स्वच्छ मांसाचे उरलेले तुकडे खिम्यासाठी वापरलेत तर तेही 71 पर्यंतच.

मीठ तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी लावा किंवा तासभर आधी. मधल्या वेळेत पृष्ठभाग ओला होऊन बसतो आणि तवा नुसता वाफ काढतो. पहिल्या स्टेकला मिठाखेरीज काही लावू नका, मिरीसुद्धा नाही. चव काय आली आहे ते आधी कळू द्या.

पुढचा तुकडा ठेवण्याआधी फ्रीज पुन्हा पहिल्यापासून धुवा, पंख्याची पातीही. तीन-चार आठवडे हवा तीच फिरवत होती, त्यामुळे बुरशीचे कण तिच्यावर बसलेले असतात. वहीतला शेवटचा आकडा म्हणून सालीचं आणि हाडांचं वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुकडा किती मोठा घ्यायचा ते त्यावरून ठरेल.